घरशाळा आणि वाकळ: मुलांचा अभ्यास सांभाळून घरातलं हातकाम कसं बसवायचं

मुलांना घरीच शिकवायचं आणि घरातच हाताने वस्तू करून विकायच्या, असं ठरवलेल्या घरांत पहिले दोन-तीन महिने बहुधा सारखेच जातात. मशीनवर कापड अर्धं शिवलेलं, वहीत भागाकार अर्धा राहिलेला, आणि दिवेलागणीला आईच्या मनात एकच, आज कुठलंच काम धड झालं नाही. मग पहाटे आणखी लवकर उठणं सुरू होतं. त्याने थोडे दिवस निभतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं. अशा घरात तास असतात. ते तुकड्यातुकड्यांनी मिळतात. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात पाऊण तासाचं काम घातलं की ते काम बिघडतं आणि अभ्यासही.

म्हणून सुरुवात वेळापत्रकापासून करू नका, कामापासून करा. हातातल्या प्रत्येक कामाची प्रत्येक पायरी मधेच खाली ठेवता येते का, एवढं बघायचं. जी ठेवता येत नाही ते सलग काम. जी ठेवली आणि अर्ध्या तासाने तिथूनच उचलली तरी काही बिघडत नाही ते सुटं काम. दिवस या दोन खणांत बेतायचा. पुढे सगळं उदाहरण बाळाच्या वाकळीचं, म्हणजे गोधडीचं, घेतलं आहे, कारण कोल्हापूर भागात ती घरोघरी ठाऊक आहे, बारशाला आणि डोहाळजेवणाला तिला गिऱ्हाईक मिळतं, आणि तिच्यात सलग आणि सुटं दोन्ही प्रकारचं काम भरपूर आहे. तुमचं हातकाम क्रोशाचं, तोरणांचं किंवा कापडी पिशव्यांचं असलं तरी हिशेब हाच.

कागदोपत्री बाजू आधी उरकून घ्या

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या गावात ही परंपरा आहे तिथे मूल शाळेत दिसत नाही म्हटल्यावर शेजारपाजार विचारणारच, आणि ते विचारणं रास्त आहे. उत्तर तयार असलं की घरातल्यांचाही जीव भांड्यात पडतो.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. घरशाळेची वेगळी नोंदणी त्यात नाही. मात्र कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीचं दार उघडं आहे. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मुक्त मूलभूत शिक्षणाची 'अ', 'ब' आणि 'क' अशी पातळी आहे. ती अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीची. त्याच संस्थेची माध्यमिक परीक्षा, म्हणजे दहावी, १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते आणि मराठी माध्यमातूनही देता येते. राज्य मंडळाची दहावी द्यायची तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो.

पुस्तकं बालभारतीचीच घ्या. सगळी पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत आणि छापील हवी असतील तर कोल्हापुरात बालभारतीचं भांडार आहे. सुरुवातीलाच परदेशी अभ्यासक्रमाच्या मागे लागलं की मूल परत शाळेत घालायची वेळ आली तर पंचाईत होते.

नोंद ठेवायला एक जाड फाइल पुरे. दर शनिवारी एक पान: आठवड्यात काय वाचलं, कुठली उदाहरणं सोडवली, कुठे अडलं, तारीख. पानामागे मुलाच्या हातचा एक कागद जोडायचा. असं वर्षाचं पन्नास पानांचं काम हातात असलं की शाळेत पुन्हा प्रवेश घेताना किंवा परीक्षेचा फॉर्म भरताना मूल कुठे उभं आहे हे सांगत बसावं लागत नाही.

मूल घरात असताना कुठलं हातकाम घ्यायचं

आंच, वास आणि धारदार पातं, या तिन्हींपैकी एकही ज्या कामात सतत लागतं ते मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत घराच्या राहत्या खोलीत नको. रेझिनचं काम दिसायला सुंदर, पण त्याचा वास कोंडतो आणि मिश्रण एकदा कालवलं की ठराविक मिनिटांत ओतावंच लागतं. त्या क्षणी मूल पडलं तर दोन्हीकडे धावता येत नाही. मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण तसंच. चपलांचं काम कोल्हापूरची शान आहे, २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण चामडं कापायची रापी आणि चिकटवायचं सोल्यूशन ज्या खोलीत आहे तिथे सहा वर्षांच्या मुलाला पाटी घेऊन बसवू नये. मातीचं काम मुलांना फार आवडतं, मात्र आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पणती वरून वाळते आणि आत ओली राहते. ती भट्टीत तडकते. शिकायला माती जरूर घ्या, विकायला पावसाळ्यात नको.

सुई-दोऱ्याची कामं राहिली, आणि घरशाळेला तीच सर्वांत सोयीची. आवाज नाही, हात थांबवले की काम थांबतं, आणि कान मोकळे राहतात.

बाळाची वाकळ: मापं, वेळ आणि जिथे बिघडतं त्या जागा

तयार माप ३६ इंच रुंद आणि ४२ इंच लांब. वरच्या थरासाठी ७ इंचाचे ४२ चौकोन कापायचे. चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला की प्रत्येक चौकोन ६ इंचाचा उरतो आणि ६ चौकोन रुंदीला, ७ लांबीला बसतात. मधले थर आणि अस्तर एका जुन्या सुती पाचवारी साडीतून निघतं. साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. काठ कापून टाकून ४६ इंचाचे चार तुकडे काढले की १८४ इंच खर्ची पडतात आणि विरलेला भाग सोडून द्यायला ३२ इंच उरतात. तीन तुकडे आत, एक खाली अस्तराला. कडेच्या पट्टीसाठी ४४ इंची पन्ह्याचं कापड ३० सेंटिमीटर. त्यातून अडीच इंचाच्या चार पट्ट्या. जाड सुती दोरा साधारण ६० मीटर लागतो.

ठिगळांचं कापड इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यात कटपीस म्हणून वजनावर मिळतं. मोजून पाव किलोत भागतं, पण ७ इंचाचा अखंड चौकोन प्रत्येक तुकड्यातून निघत नाही, म्हणून अर्धा किलो घ्या. पॉलिस्टरची भेसळ ओळखायला एक धागा ओढून चिमट्याने धरून पेटवा: सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. हा प्रयोग मोठ्यांनी करायचा, मुलांनी बघायचा.

पहिलं काम धुण्याचं. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि वर्षानुवर्षं धुतलेली साडी आता आटत नाही. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर गिऱ्हाइकाच्या घरच्या पहिल्या धुण्यात वरचा थर आखडतो, खालचा तसाच राहतो, आणि वाकळीवर सुरकुत्यांचे फुगे येतात. ते नंतर कशानेच जात नाहीत. लाल, मरून आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग तपासा: कोमट पाण्याच्या पांढऱ्या वाटीत पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, मग काढून पांढऱ्या फडक्यावर दाबायचा. फडक्याला डाग पडला तर तो तुकडा पुन्हा दोनदा धुऊन बघा; तरीही जात असेल तर बाळाच्या वाकळीत घालू नका, कारण बाळ कोपरा तोंडात घेतं.

दुसरं काम कापणं. पुठ्ठ्याचा ७ इंचाचा साचा करा आणि टेलरच्या खडूने आखून कापा. कापडावर ठेवून ठेवून पुठ्ठ्याच्या कडा झिजतात आणि चौकोन हळूहळू लहान होत जातो, म्हणून दर दोन वाकळांनंतर नवा साचा. एक तास लागतो. कात्री चालू असते, त्यामुळे हे सलग काम.

तिसरं, चौकोन जोडणं. आधी सहा-सहाच्या सात पट्ट्या, मग त्या पट्ट्या एकमेकींना. शिवण एका पट्टीत उजवीकडे आणि पुढच्या पट्टीत डावीकडे दाबली की जोडावर चार पदरांचा गठ्ठा होत नाही आणि पुढे सुई अडत नाही. मशीनवर दोन तास. हेही सलग, कारण मधे उठलं की पट्ट्यांची क्रमवारी चुकते.

चौथं काम थर लावण्याचं, आणि वाकळ चांगली की वाईट ते इथेच ठरतं. फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलटं पसरून चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला ताणून चिकटवा. ताण म्हणजे सुरकुती नसावी इतकाच, कापड ओढून धरलेलं नसावं. त्यावर साडीचे तीन थर एकेक करून ठेवायचे. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सारत न्यायचा, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते. वर ठिगळांचा थर. मग चौकोनांच्या आतल्या जोडांवर सेफ्टी पिना: रुंदीला ५, लांबीला ६, एकूण ३०. शेवटी हातभर अंतरावर कच्चे टाके. पाऊण तासाचं काम, आणि यात एका क्षणालाही उठता येत नाही. मूल कापडावरून पळत गेलं की खालचे थर बोटभर सरकतात, वरून दिसत नाही, आणि तीन दिवसांनी टाके घालताना मधे फुगा सापडतो. थर लावायला पहाटेची वेळ किंवा घरात दुसरं मोठं माणूस असण्याची वेळ, तिसरी वेळ नाही.

पाचवं, धावदोरा. लांबीच्या दिशेने एकेक इंचावर ३६ ओळी, टाका पाव इंचाचा. पारंपरिक पद्धतीत कडेने सुरू करून आत आत जातात आणि जाणत्या हातांना ते जमतं. नवख्यांनी मधली ओळ आधी घालावी आणि मग दोन्ही बाजूंना सरकावं, म्हणजे जादा कापड कडेला निघून जातं. दोरा हातभरच घ्यायचा; लांब घेतला की गाठी पडतात आणि सुईच्या नेढ्याजवळ तो घासून विरतो. पॉलिस्टरचा दोरा वापरू नका: तो कापडापेक्षा मजबूत असल्याने जुन्या साडीला आतून कापत राहतो. बसलेल्या हाताला एक ओळ म्हणजे सुमारे १० मिनिटं, म्हणून ३६ ओळींना ६ तास. हे सगळंच्या सगळं सुटं काम, आणि घरशाळेच्या दृष्टीने वाकळीचं सोनं इथे आहे.

शेवटी कडेची पट्टी: जादा कडा छाटून मशीनवर लावायला अर्धा तास सलग, मागून हाताने तुरपाई करायला सव्वा तास सुटा.

आता दिवस बेता

धुणं-वाळवणं वगळून एका वाकळीला सलग काम सव्वाचार तास, सुटं काम सव्वासात तास, एकूण साडेअकरा तास. हा आकडा भिंतीवर लावा.

अभ्यासाचा अंदाज घ्यायला शिक्षणहक्क कायद्यातलं प्रमाण उपयोगी पडतं: पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे शाळेतही दिवसाला चार-साडेचार तासच येतात, आणि ते तीस-चाळीस मुलांच्या वर्गात. समोरासमोर बसून शिकवताना ६ ते ८ वयाला दीड-दोन तास, ९ ते ११ ला अडीच-तीन आणि १२ ते १४ ला साडेतीन-चार तास नेमका अभ्यास पुरतो. बाकीचा वेळ वाचन, खेळ, घरकाम आणि बाहेर जाण्याचा.

पहाटे साडेपाच ते सात ही वेळ सलग कामाची. नळाला पाणी त्याच वेळी येत असेल तर दीड तासातला अर्धा तास त्यात जातो, तेव्हा तो आधीच वजा धरा. साडेनऊपासून अभ्यास. प्रत्येक मुलाची पहिली वीस-पंचवीस मिनिटं सुई खाली ठेवून, रिकाम्या हाताने. नवा भाग शिकवताना, म्हणजे हातचा घेऊन वजाबाकी, अपूर्णांक किंवा जोडाक्षरं, मूल कुठे अडखळलं ते त्याच्या पेन्सिलीकडे बघूनच कळतं. नजर टाक्यावर असली तर चूक तिसऱ्या उदाहरणापर्यंत पुढे गेलेली असते आणि मग सगळंच खोडावं लागतं. इथे तडजोड करू नका.

त्यानंतर सराव. मूल उदाहरणं सोडवतं किंवा मोठ्याने वाचतं आणि तुमच्या हातात वाकळ. कान वाचनाकडे, हात धावदोऱ्यावर. मूल अडलं की हाक मारतं. प्रत्येक हाकेला उठायचं नाही आणि "थांब जरा" असं मोघमही सांगायचं नाही, कारण 'जरा' म्हणजे किती हे मुलाला कळत नाही. "ही ओळ संपली की बघते" असं सांगा. ओळ दहा मिनिटांत संपते, मुलाला ती संपताना डोळ्यांनी दिसते, आणि नऊ-दहा वर्षांचं मूल तेवढं थांबू शकतं. तोवर त्याने अडलेलं उदाहरण एका कागदावर लिहून पुढच्याला हात घालायचा. सहा वर्षांच्या मुलासाठी अर्धी ओळ. संपल्यावर खरंच बघा. दोनदा शब्द मोडला की ही युक्ती संपली.

दुपारी जेवणानंतर तासभर सगळ्यांची शांत वेळ. मुलांना पुस्तकं लागतात आणि ती घरची पुरत नाहीत, तेव्हा करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घ्या. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. पुस्तक स्वतः निवडून आणायची सवय मुलांना तिथे लागते. संध्याकाळी काम बंद, मुलं मैदानावर किंवा रंकाळ्यावर. घरात दिवसभर राहणाऱ्या मुलांना बरोबरीची मुलं रोज भेटायलाच हवीत, त्या वेळेवर ऑर्डरचं अतिक्रमण होऊ देऊ नका.

आता ऑर्डर किती घ्यायच्या? समजा आठवड्याचे पाच दिवस धरून सलग साडेसात तास मिळतात आणि सुटे पाच तास. यातले ७० टक्केच खरे धरा. ताप, पाहुणे आणि वीज यांत बाकीचे जातात. उरले सलग सव्वापाच आणि सुटे साडेतीन. वाकळीला सुटे सव्वासात तास लागतात, म्हणजे दोन आठवड्यांना एक वाकळ, महिन्याला दोन. एकूण तासांची बेरीज करून भागलं असतं तर महिन्याला तीन वाटल्या असत्या, आणि तिसरी नेहमी उशिरा गेली असती. जो प्रकार तोकडा आहे त्यावर ऑर्डर ठरते. सलग तास आठवड्याला तीनेक शिल्लक राहतात, त्यांत मशीनवरच्या कापडी पिशव्या शिवा. हाताचं काम आणखी घेऊ नका.

वाकळीतून कुठला अभ्यास होतो आणि कुठला होत नाही

सात-आठ वर्षांच्या मुलासमोर ४२ चौकोन जमिनीवर टाकले की साताचा पाढा दिसतो: सहा-सहाच्या सात रांगा, किंवा पलीकडून बघितलं तर सात-सातच्या सहा. दहा वर्षांच्या मुलाला क्षेत्रफळ द्या. ७ गुणिले ७ म्हणजे एका चौकोनाला ४९ चौरस इंच कापड; ४२ चौकोनांचं २०५८. तयार वाकळ ३६ गुणिले ४२, म्हणजे १५१२. मग ५४६ चौरस इंच गेलं कुठे? मूल आधी म्हणतं, बेरीज चुकली. मग वाकळ उलटी करून शिवणीतला दुमडलेला अर्धा इंच त्याच्या बोटाने चाचपू द्या. कापलेल्या कापडाचा चौथ्या भागापेक्षा जास्त हिस्सा शिवणीत जातो हे तिथे समजतं, आणि 'नफा का कमी' याचं अर्धं उत्तरही. कडेच्या पट्टीला परिमिती लागते: छाटल्यावर वाकळ ३७ बाय ४३ इंच, परिमिती १६०, कोपरे आणि जोड यांना १० इंच, एकूण १७०, चार पट्ट्यांचे १७६ होतात, थोडक्यात पुरतं.

रंग का सुटतो, कापड का आटतं, पावसात साडी दोन दिवस का वाळत नाही, हे विज्ञान. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, तिथपासून हातातल्या तुकड्यापर्यंत येणं हा इतिहास आणि भूगोल. एक दिवस कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू दाखवा. माणसं या नदीकाठी किती जुनी आहेत ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.

पण वाकळीतून सगळं शिकता येतं असं समजू नका. शुद्धलेखन, पाढ्यांची घोकंपट्टी, इंग्रजी वाचन, भागाकाराचा सराव यांना त्यांची वेगळी, रोजची, कंटाळवाणी वाटली तरी ठरलेली वेळ लागते. हातकाम आवडणाऱ्या घरांत हीच पोकळी राहते आणि आठवीच्या पातळीला ती एकदम उघडी पडते.

मुलाचा हात किती घ्यायचा

बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याची सवलत आहे, आणि तीसुद्धा शिक्षणाला धक्का लागत नसेल तरच. घरशाळेत 'शाळेची वेळ' तुम्हीच ठरवता, म्हणून ती जास्त कटाक्षाने पाळा. ऑर्डर अडली म्हणून मुलाचा अभ्यास उठवायचा नाही. विकायच्या वाकळीत मुलाचे टाके घालू नका. वाकडे आले की तुम्ही उसवता, आणि आपलं उसवलेलं मुलाला दिसतं. त्याला १२ बाय १२ इंचाचा स्वतःचा तुकडा द्या, बोथट टोकाची मोठी सुई द्या, आणि तो तुकडा त्याच्याच बाहुलीचा.

एक काम मात्र मुलाकडेच सोपवा: मोजणीचं. थर लावायच्या आधी ३० पिना आणि किती सुया निघाल्या हे मूल वहीत लिहितं. काम आवरताना परत मोजतं. २९ भरल्या तर वाकळ कुणीच घडी करायची नाही. चुंबक घेऊन कापडावरून, मग फरशीवरून, मग चटईखालून फिरवायचा. बाळाच्या अंगाखाली जाणारी वस्तू आहे, आणि रांगणारं भावंडही त्याच खोलीत आहे. सहा-सात वर्षांची मुलं ही जबाबदारी अतिशय मनापासून पार पाडतात.

किंमत

दर तुमच्या भागाप्रमाणे बदलतील, रीत बघा. ठिगळं ८० रुपये, दोरा ४०, पट्टी ५०, साडी ६० (घरची असली तरी धरायची, कारण पुढची विकत आणावी लागणार), पॅकिंग २०. साहित्य २५० रुपये. साडेअकरा तास, तासाला ६० रुपये धरून मजुरी ६९०. बेरीज ९४०. मशीनची झीज, वीज, वाया जाणारं कापड यासाठी १० टक्के, ९४. झाले १०३४, घरून विकताना १०५०.

दुकानात ठेवायची आणि दुकानदार २५ टक्के घेणार असेल तर १०३४ वर २५ टक्के चढवून १२९२ किंमत लावणं ही सर्रास होणारी चूक. दुकानदार विक्रीच्या किमतीवर टक्के घेतो: १२९२ चे २५ टक्के ३२३, हाती उरतात ९६९, म्हणजे ६५ रुपयांनी कमी. बरोबर रीत १०३४ भागिले ०.७५, म्हणजे १३८० रुपये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शेकडेवारी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधावं लागत नाही. दोन्ही हिशेब त्यालाच मांडू द्या. व्यवसाय स्थिरावला की आधारवर होणारी उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे, तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका.

वर्ष कसं लावायचं

मे महिन्यात वर्षभराच्या साड्या आणि कटपीस धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवा. जूनच्या मध्यापासून कापड आतून वाळत नाही, आणि ओलसर वाकळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली की आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात. पावसाळ्यात तयार वाकळ जुन्या सुती चादरीत गुंडाळून फळीवर ठेवा, जमिनीलगतच्या पेटीत नको. जून ते ऑगस्ट बाहेरची ये-जा कमी, म्हणून अभ्यासाचा जड भाग या महिन्यांत उरका आणि धावदोऱ्याचं काम साठवत चला.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत मागणी चढते आणि थंडीची वाकळ मागणारेही याच काळात येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. दुसरी फेरी नेमकी दसरा-दिवाळीच्या ऑर्डरींवर येते, तेव्हा हातकाम करणाऱ्या घराने मुलासाठी एप्रिल-मेचीच फेरी धरावी. परीक्षेच्या वर्षी जानेवारीत शेवटची ऑर्डर घ्या आणि ती फेब्रुवारीअखेर देऊन टाका. मार्च-एप्रिलमध्ये सुटं कामही हातात नको, कारण त्या दिवसांत मुलाचं प्रत्येक अडलेलं उदाहरण ओळ संपेपर्यंत थांबू शकत नाही. गिऱ्हाइकांना हे डिसेंबरातच सांगून ठेवा. बारशाची तारीख माणसांना आधी ठाऊक असते, ती थांबतात किंवा आधी नेतात.